एक जूनची माणसं

आमच्या दवाखान्यात वर्षातून एकदाच केक कापतात, एक जूनला. डॉक्टरसाहेबांचा ड्रायव्हर, दोन वॉर्डबॉय, मेडिकलवाला, बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर, मी आणि सिदू देवकते, सगळ्यांचा वाढदिवस त्याच दिवशी. बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरीणबाईंना पहिल्या वर्षी वाटलं होतं, आम्ही त्यांची टिंगल करतोय. टिंगल कसली? आमच्या बीड जिल्ह्यात माझ्या वयाची निम्मी माणसं एक जूनची आहेत. पोराचा हात डोक्यावरून जाऊन पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी म्हणायचे, झालं सहा वर्षांचं, आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. आईला विचारायची पद्धत नव्हती. विचारलं असतं तर तिनं पाऊस, जत्रा, म्हैस व्यायली तेव्हाचं असं काहीतरी सांगितलं असतं, आणि गुरुजींना तारीख पाहिजे होती.

मी सुकन्या. अंबाजोगाईच्या या खासगी दवाखान्यात लॅब सांभाळते. रक्त काढणाऱ्या बाईला गोड बोलता यावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण सिदूबद्दल सांगायचं तर मला थोडं सांभाळून सांगावं लागेल, कारण तो माझ्या धाकट्या भावासारखा आहे आणि त्याच्यावर मी आयुष्यभर खेकसत आले आहे.

सिदू युसूफ वडगावच्या शिवारातल्या धनगरवस्तीचा. बापाचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला, थोरला भाऊ बजरंग अजूनही मेंढरांमागेच असतो. सावलीत बसून भाकरी खाणारा हा घरातला पहिला माणूस. अंबाजोगाईत शिकला आणि आमच्याकडे कॉम्प्युटरवर चिकटला. अंगानं काटक, बोलायला कमी. कुणाला नाही म्हणायचं त्याला कधी शिकवलंच नसावं. हा त्याचा गुण आहे असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो रोग आहे.

त्याचं काम काय, ते मला समजलं तसं सांगते. माझ्या मशीनमध्ये रक्ताची शिशी ठेवली की मशीन आकडे काढतं आणि निरोप पाठवतं. पण मशीनची भाषा एक आणि दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची दुसरी. मध्ये सिदूचा दुभाषा. निरोपात उभ्या रेघा मारून खाने पाडलेले असतात. एका खान्यात नाव, एकात जन्मतारीख, एकात बाई की बाप्या, पुढं आकडे. इकडचं खान्यातलं तिकडच्या खान्यात नीट बसावं म्हणून सिदूनं एकेका खान्यासाठी चार-दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिलेली. खाना रिकामा आला, तारीख उलटी आली, नाव लांबलं, की सॉफ्टवेअर निरोप परत फेकणार, आणि मागची सगळी रांग तुंबणार. मग लॅबमधून, आयसीयूतून, बिलाच्या खिडकीतून एकच आरोळी उठायची, "सिदू, अडकलं!"

तो जेवायला बसला की अडकायचं. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झाली असताना अडकायचं. स्वतःच्या हळदीच्या दिवशी पिवळ्या हातांनी फोन धरून तो कुणालातरी कितव्या खान्यात बघायचं ते सांगत होता. त्याची बायको धनश्री आमच्याकडेच सिस्टर होती. ती म्हणायची, "ताई, म्या माणसाशी लगीन केलंय का दवाखान्याशी, तेच कळंना." पुढं तिला पुण्यात चांगली नोकरी लागली. लेकीला घेऊन ती गेली आणि सिदू मागून येणार होता. ते मागून काही संपेना. प्रत्येक ओळ त्यानंच लिहिलेली, त्यामुळे बिघडली की त्यालाच कळायची. आपणच विणलेल्या जाळ्यात बसला होता बिचारा.

आता शिबिरांचं सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. आमचे मालक डॉक्टर विजयसिंह जमीनजुमलेवाल्या, राजकारणी घरातले. थोरल्या भावाला निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून गावोगाव मोफत तपासणीची शिबिरं निघाली. मांडव टाकायचा, सत्कार करायचे, माणसांचं रक्त काढायचं आणि शिश्या माझ्याकडे आणायच्या. दवाखान्यात नोंद झालेल्या पेशंटला नंबर असतो आणि त्या नंबरावरून निरोप आपलं माणूस शोधतो. शिबिरातल्या माणसांना दवाखान्याचा नंबरच नव्हता. त्यांचं नुसतं नाव, गाव आणि वय नंतर सॉफ्टवेअरमध्ये चढायचं. त्यामुळे सिदूनं सोय केली. नंबर नसेल तर नाव, बाई की बाप्या आणि जन्मतारीख जुळवून माणूस शोधायचा. पण जन्मतारीख तरी कुणाकडे होती? मांडवात वय विचारलं की आमच्या बायका म्हणतात, "लिवा साठ." पन्नाशीची म्हणते साठ, सत्तरीची म्हणते साठ. जन्मतारखेचा खाना रिकामा यायचा आणि निरोपांची रांग तुंबायची.

मग सिदूनं एक ओळ लिहिली. तारीख रिकामी असेल तर वयावरून साल काढ आणि पुढं एक जून टाक. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते सुचलं, कारण त्याच्या आईची, भावाची, स्वतःची, वस्तीतल्या सगळ्यांची तारीख तीच होती. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरनं अशी चूक केली नसती, त्याला एक जून सुचलाच नसता. रांग भराभर हलली. डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली, आणि पुढचं शिबिर सिदूच्या वस्तीवर ठेवलं.

त्या शिबिरात त्यानं आपल्या आईला हाताला धरून आणलं होतं. भिवराबाई तिचं नाव. सुईला भिऊन तोंड फिरवून बसली होती. दोन दिवसांनी तिचा रिपोर्ट सिदूनं स्क्रीनवर स्वतः बघितला. सगळं ठीक. त्यानंतर मधूनमधून बजरंगच्या फोनवरून तिचा फोन यायचा. आवाज मोठा, त्यामुळे मला लॅबपर्यंत ऐकू यायचं. दम लागतो, पाय उचलत नाहीत, डोळ्यापुढं अंधारी येते. आणि सिदू एका हातानं की-बोर्ड बडवत म्हणायचा, "माय, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. समदं नॉर्मल हाय. उनानं होतंय, ताक पीत जा."

मे महिना आला. पुण्याच्या एका कंपनीनं त्याला घेतलं होतं आणि एक जूनला हजर व्हायचं पत्र दिलं होतं. लेकीचं नाव तिथल्या शाळेत घातलेलं. अडचण एकच. आमच्याकडे नोकरीला लागताना मूळ मार्कमेमो, म्हणजे गुणपत्रकं, आणि दहावीची सनद साहेबांच्या कपाटात जमा करावी लागते. माझीही तिथंच आहे. साहेब म्हणाले, "सगळं सुरळीत चालू आहे असं दाखव, सही कर आणि कागद घेऊन जा." सिदू खुशीत होता. मला म्हणाला, "ताई, आता तुमी कुणाच्या नावानं वरडनार?" मी म्हटलं, "मेल्या, तू जा तर आधी."

त्याच आठवड्यात एक बाई दरवाजातूनच भांडत आत आली. डोक्यावर पदर, पायांत जाड वहाणा, आवाज असा की ओपीडी गप्प झाली. शिबिरातल्या तपासणीत तिचं रक्त पाचावर आल्याचं दिसलं होतं. माणसाला निदान बारा-तेरा तरी पाहिजे. पाच म्हणजे चालताना पडायचं. ती मेंढरं घेऊन बालाघाटाच्या डोंगरात गेली होती, म्हणून निरोप उशिरा पोचला.

"आवं, कावून बोलावलं मला?" ती म्हणाली. "म्या डोंगर उतरून आले, आन् तुमी म्हनता अंगात रगत न्हाई. बगा की, कुटं सांडलंय का!"

मी रक्त काढलं. बारा आलं. परत लावलं, परत बारा. आता माझं मशीन मला माहीत आहे. ते शिबिराच्या वेळी पाच म्हणालं असेल तर कुणाचंतरी पाच होतंच. मग ते पाच कुणाचं?

सिदूला बोलावलं. पहिल्यांदा तो माझ्यावरच आला. "ताई, शिश्यांची अदलाबदल झाली असंल." माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "माझ्या लॅबमध्ये शिश्या बदलत नाहीत. तुझ्या खान्यांत बघ." तो बसला. खोटे निरोप करून पाठवायला लागला. स्क्रिप्टच्या आधी खान्यात काय होतं आणि नंतर काय झालं, ते एकेक करून बघत होता. मशीनची तार बघितली, शिश्यांवरच्या चिठ्ठ्यांचे नंबर बघितले, आकड्यांचे खाने बघितले. सगळं हिरवं. प्रत्येक निरोप पोचलेला. अडकलेलं सोडवण्यात त्याची हयात गेली होती, आणि इथं काहीच अडकलं नव्हतं. सगळं सुरळीत चालून चुकीच्या दारात गेलं होतं.

दुपार कलली तरी तो उठेना. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो सगळे खाने बघत होता, फक्त नावाचा आणि तारखेचा सोडून. आता वाटतं, त्याला आधीच कळलं असावं. कळलं होतं म्हणूनच तिकडं बघत नव्हता.

शेवटी मी त्या बाईला विचारलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा बरं."

"भिवराबाई सोमेश्वर देवकते. शेजारच्या वाडीची."

स्क्रीनवर नुसतंच भिवराबाई देवकते होतं. मी म्हटलं, "सिदू, सोमेश्वर कुठं गेला?"

"लांब नावं परत येत होती," तो हळू म्हणाला. "म्हनून नवऱ्याचं नाव मधून काढलंय."

"आणि जन्मतारीख?"

"वय साठ. एक जून."

दोन ओळी होत्या. एकीनं नवऱ्याचं नाव गाळलं, दुसरीनं सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. वेगवेगळ्या बघितल्या तर दोन्ही बरोबर. पण दोन वाड्या जवळजवळ, दोन भिवराबाई देवकते, दोघींनी सांगितलं साठ. पहिला रिपोर्ट आला तो आधी सापडलेल्या भिवराबाईवर चढला, दुसरा राहिलेल्या भिवराबाईवर. उलटेपालटे.

मी म्हटलं, "सिदू, तुझ्या आईचं नाव..." त्यानं मला पुढं बोलू दिलं नाही. तो बजरंगला फोन लावत होता, आणि नंबर चुकत होता.

बजरंगनं आईला जीपमध्ये घालून आणलं. नखं पांढरी, ओठ पांढरे, आणि तरी आल्या आल्या ती लेकालाच विचारते, "जेवलास का?" मी रक्त काढलं. पाचाच्याही खाली गेलं होतं. पोटात कुठंतरी झिरपत होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणखी पंधरा दिवस गेले असते तर... असं म्हणून त्या थांबल्या, आणि सिदू तिथंच उभा होता.

"माय, मला आधी कावून न्हाई सांगितलंस?" तो म्हणाला.

"सांगितलं की रं," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं आठवून सांगावं तसं. "तूच म्हनलास समदं नारमल हाय. म्हनलं, मंग मीच आळशी झाले. बजरंगाची बायकू घागर उचलू देत न्हवती, तिच्याशी भांडून म्या पान्याला जायची. म्हनायची, माझ्या सिदूच्या कंपुटरात चांगलं हाय, मंग मला काय धाड भरलीय?"

सिदू बाहेर गेला. बोळात भिंतीला कपाळ टेकून रडला. मला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर खेकसता आलं नाही. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले.

संध्याकाळी साहेबांनी त्याला बोलावलं. मी रिपोर्ट घेऊन गेले होते, म्हणून तिथंच होते. साहेब दुष्ट नाहीत, हे मी आधीच सांगते. त्यांनी सिदूला खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "आईचं माझ्याकडे लागलं. तिला काय लागेल ते दवाखाना बघेल." मग कपाट उघडलं आणि त्याचे कागद काढून टेबलावर ठेवले. "आजपासून पुढचं नीट कर. मागचं उकरू नको. सही कर आणि पुण्याला जा."

"साहेब, मागचं कसं सोडू?" सिदू म्हणाला. "शिबिरातली किती मान्सं साठ वर्साची हायती. समदी एक जूनची. कुनाचं कुनाला गेलंय, काय ठावं?"

"शिबिरं भावाच्या नावानं झाली, सिदू. आता गावोगाव जाऊन काय सांगायचं? आम्ही दिलेले रिपोर्ट खोटे होते? आणि ती ओळ तू काढलीस तर उद्या शिबिराचं काहीच आत यायचं नाही. मग?"

तेही खोटं नव्हतं. ओळ ठेवली तर कुणाचा आजार कुणाच्या नावावर जाणार. ओळ काढली तर तारखेचा खाना रिकामा राहून सगळी रांग तुंबणार. बोलला तर इथंच राहणार, गप्प बसला तर पुण्यात लेकीजवळ. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. सिदू त्या कागदांकडे बघत राहिला. त्याच्या नावाची सनद मी पहिल्यांदाच बघत होते. त्यातही तारीख तीच. चहावर साय धरली.

मग तो उठला. कागद टेबलावरच राहिले. आपल्या खोलीत गेला आणि ती ओळ बंद केली. पाच मिनिटांत माझ्या लॅबमध्ये लाल दिवे लागले. सकाळच्या शिबिराच्या शिश्या लावलेल्या होत्या, त्यांच्या मागं वॉर्डातले निरोपही तुंबले. चारी बाजूंनी आरोळी उठली, "सिदू, अडकलं!"

"हौ," तो दारात येऊन म्हणाला. "म्याच अडकवलंय. आता हातानं लिवा."

साहेबांनी कागद उचलून परत कपाटात ठेवले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्यानं अडकवलं, त्यानं सोडवूनच जायचं."

तेव्हापासून आम्ही हातानं लिहितोय. माझी बोटं दुखतात आणि मी सगळ्यांना शिव्या घालते. शिबिरातली माणसं एकेक करून परत बोलावली जातात. साहेबांचे थोरले बंधू दवाखान्याकडे फिरकत नाहीत. नोंदणीच्या खिडकीत आता सिदू बसतो. तिथली मुलगी घाईत साठ लिहून घेते, म्हणून हा स्वतः बसतो. नवऱ्याचं नाव काय, बापाचं काय, थोरली लेक केवढी, लग्न झालं तेव्हा धरण झालं होतं का, असं विचारून विचारून वय काढतो. काही माणसं सापडली, त्यांची चूकभूल दुरुस्त झाली. काही मुकादमाबरोबर वीटभट्टीवर गेलेली अजून परतली नाहीत. एका बाईच्या घरी फोन लावला तर तिच्या लेकानं सांगितलं की, ती चैत्रातच गेली. कशानं, ते त्याला सांगता आलं नाही. त्या दिवशी सिदू जेवला नाही.

पुण्याच्या कंपनीनं कळवलं की, थांबता येणार नाही. धनश्रीनं मला फोन करून त्याला चार शब्द सांगायला सांगितलं. मी तिला सासूचं सगळं सांगितलं. तिनं आता रक्त किती आहे ते विचारलं. मग म्हणाली, "ताई, त्यांना जेवायला घाला."

आणि एक जून आला. केक दरवर्षीसारखाच आला. भिवराबाईला रक्त चढवून झालं होतं, तोंडावर थोडी कळा आली होती, दोन दिवसांत घरी जाणार होती. सिदूच्या हातात केकचा तुकडा बघून ती हसली.

"आज कसला तुजा वाडदिस? तू तर थंडीत झालास. मेंढरं परमुलखात बसलीती. तळावर जाळ करून रातभर तुला शेकलंतं म्या."

सिदू तुकडा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी विचारलंच नव्हतं. मग तो परत खिडकीत जाऊन बसला, बाहेर रांग होतीच. मी हातानं लिहिलेले रिपोर्ट ठेवायला गेले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यावर लेकीचं तोंड दिसत होतं, केसांना नवीन रिबिनी.

"बाबा, हॅपी बड्डे! आम्ही केक आणलाय. तुम्ही निघालात का?"

"आज माझा वाढदिवस न्हाई, बाळा," सिदू म्हणाला. "आजीनं सांगितलं. माझा थंडीत हाय."

"मग तुम्ही थंडीत येणार?"

सिदूनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी हातातले रिपोर्ट त्याच्यापुढं ठेवले. खिडकीबाहेरच्या म्हातारीनं काचेवर बोट वाजवलं.

"लिव की बाबा," ती म्हणाली. "साठ."